पियानो, पदवी आणि पैसा : मुलांसाठी संगीतशाळा निवडताना

मार्च महिन्यातल्या एका रविवारी रात्री साडेदहाला दादाचा फोन आला. रात्री साडेदहाचा फोन भारतातून असला की काळजाचा ठोका चुकतो, पण हा इथलाच होता. "अरे, दोन्हीकडून पत्रं आली. दोन्हीकडे घेतलंय तिला. आता तू तुझं ते कोष्टक उघड."

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. मी सॉफ्टवेअरमधला, त्यामुळे घर घ्यायचे असो की गाडी, घरातली सगळी कोष्टके माझ्याकडे येतात. या वेळचा विषय मात्र नवा होता. माझी पुतणी वयाच्या सहाव्या वर्षापासून पियानो शिकते. मंडळाच्या गणेशोत्सवात तिने साथ केलेली गाणी आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असतील. तिला आता पियानोचेच पुढचे शिक्षण घ्यायचे होते. एक पत्र पूर्वेकडच्या एका नामांकित कॉन्झर्व्हेटरीचे होते आणि दुसरे राज्य विद्यापीठाच्या संगीत विभागाचे. उत्तर १ मेच्या आत द्यायचे होते. पुण्याहून आलेल्या आजीने एकच प्रश्न विचारला होता, "पियानो वाजवून पोट भरतं का गं?"

आजीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डॉक्टर किंवा इंजिनिअर कसे व्हायचे हे आपल्या प्रत्येक घरात कोणाला तरी ठाऊक असते. संगीताच्या वाटेवर मात्र आपल्या आधी गेलेले लोक थोडे आहेत. त्या दोन महिन्यांत आम्ही जे शिकलो, ते इतर पालकांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

शाळा किती प्रकारच्या?

'कॉन्झर्व्हेटरी' हा शब्द इटलीचा. सोळाव्या शतकात नेपल्समध्ये अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या संस्थांना हे नाव होते. तिथे मुलांना संगीत शिकवू लागले आणि पुढे नाव संगीतशाळेलाच चिकटले. आपल्याकडे पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा त्यांनीही गुरूच्या घरातले संगीत असेच शाळेत आणले. अमेरिकेतील शाळांचे ढोबळमानाने चार गट पडतात.

पहिला गट स्वतंत्र कॉन्झर्व्हेटरींचा. न्यूयॉर्कची जुलियार्ड (सुरुवात १९०५), बॉस्टनची न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरी (१८६७), फिलाडेल्फियाची कर्टिस इन्स्टिट्यूट (१९२४) या त्यातल्या. येथे दिवसभर संगीत आणि संगीतच.

दुसरा गट विद्यापीठाच्या छत्राखालील कॉन्झर्व्हेटरींचा. बाल्टिमोरची पीबॉडी १८५७ साली स्थापन झाली आणि १९७७ पासून जॉन्स हॉपकिन्सशी जोडलेली आहे. रॉचेस्टरची ईस्टमन कोडॅकवाल्या जॉर्ज ईस्टमन यांच्या देणगीतून १९२१ साली उभी राहिली. ओहायोतील ओबरलिन १८६५ ची. अशा ठिकाणी पाच वर्षांत दोन पदव्या, एक संगीताची आणि एक दुसऱ्या विषयाची, घेण्याची सोय असते. न्यूयॉर्क राज्यातील बार्ड कॉलेजच्या कॉन्झर्व्हेटरीत तर पदवीच्या विद्यार्थ्यांना दुसरी पदवी सक्तीची आहे. 'पियानो पण आणि कॉम्प्युटर पण' म्हणणाऱ्या आपल्या घरांनी हा गट आधी पाहावा.

तिसरा गट राज्य विद्यापीठांचा. याला दुय्यम समजण्याची चूक आम्हीही केली. इंडियाना विद्यापीठाच्या संगीतशाळेत पंधराशेहून अधिक विद्यार्थी आहेत. बोझार ट्रिओचे पियानिस्ट मेनाहेम प्रेसलर १९५५ पासून अनेक दशके तिथे शिकवत होते. राज्याच्या रहिवाशाला तिथली फी बरीच कमी पडते.

चौथा गट सर्वांत लहान आणि सर्वांत कठीण, म्हणजे फी नसलेल्या शाळांचा. कर्टिसमध्ये १९२८ पासून कोणाकडूनच शिकवणीची फी घेत नाहीत. येलच्या संगीतशाळेला २००५ साली १० कोटी डॉलरची देणगी मिळाली आणि तेव्हापासून तिथेही फी नाही. ती मात्र पदवीनंतरच्या शिक्षणाची शाळा आहे. लॉस एंजेलिसच्या कोलबर्न शाळेची कॉन्झर्व्हेटरी २००३ साली सुरू झाली. तिथे फीबरोबर राहण्याजेवणाचाही खर्च शाळा करते. या तिन्ही ठिकाणी पियानोच्या जागा वर्षाला बोटांवर मोजण्याइतक्या असतात. अर्ज जरूर करावा, पण त्यावर घराचा हिशेब बांधू नये.

आधी गुरू, मग शाळा

मी कोष्टकात दहा रकाने केले होते: नाव, गाव, फी, वसतिगृह, पियानोंची संख्या, हवामान वगैरे. पुतणीच्या पियानोच्या बाईंनी ते पाहिले आणि म्हणाल्या, "सगळ्यात महत्त्वाचा रकाना यात नाहीच."

तो रकाना म्हणजे शिक्षक. कॉन्झर्व्हेटरीत विद्यार्थी एका शिक्षकाच्या 'स्टुडिओ'त प्रवेश घेतो. आठवड्यातून एकदा तासभर त्या एका व्यक्तीसमोर बसायचे, असे चार वर्षे. बाकीचे विषय महत्त्वाचे खरे, पण हात घडतो तो त्या तासात. व्हॅन क्लायबर्नने १९५८ साली मॉस्कोची चायकोव्हस्की स्पर्धा जिंकली. तो जुलियार्डचा विद्यार्थी, पण जाणकार त्याला रोझिना लेव्हिन यांचा शिष्य म्हणूनच ओळखतात.

हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. पं. भीमसेन जोशी १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, घर सोडून निघाले ते गुरूच्या शोधात. ग्वाल्हेरपर्यंत फिरून आल्यावर गुरू भेटले ते घराजवळच, कुंदगोळला, सवाई गंधर्वांच्या रूपाने. आपल्या मुलांना घर सोडून पळावे लागत नाही. फरक एवढाच, की आपण कुंदगोळ सोडून थेट ग्वाल्हेरच्या नावाला भुलतो.

मग गुरू शोधायचा कसा? पद्धत साधी आहे आणि ती विचारायला लाजू नये. अर्ज करण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात मुलाने स्वतः, आईवडिलांनी नव्हे, त्या शिक्षकाला नम्रपणे लिहून एका धड्याची विनंती करायची. बरेच शिक्षक असा धडा देतात. काही फी घेतात, काही घेत नाहीत. त्या एका तासात मुलाला कळते की या माणसाचे बोलणे आपल्या डोक्यात शिरते का. आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. हे शिक्षक वर्षातले किती आठवडे दौऱ्यावर असतात? ते नसताना कोण शिकवते? पुढील चार वर्षांत ते निवृत्त होणार आहेत का? प्रसिद्ध कलाकाराचे नाव माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत असते, पण दर आठवड्याला शिकवणारा मदतनीस असेल तर तेही आधीच माहीत हवे.

वेळापत्रकही ध्यानात ठेवा. बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत ध्वनिचित्रफीत पाठवायची असते. त्यातून निवड झाली तर जानेवारी ते मार्च प्रत्यक्ष ऑडिशन, एप्रिलच्या सुमारास निकाल आणि १ मेपर्यंत उत्तर. साधारणपणे बाखचा एक प्रिल्यूड व फ्यूग, हायडन, मोझार्ट किंवा बेथोव्हनचा पूर्ण सोनाटा, एक रोमँटिक काळातील मोठी रचना, एकदोन एट्यूड आणि विसाव्या शतकातील काही, असे सगळे पाठ वाजवावे लागते. ही तयारी दीड वर्षाची असते. बारावीच्या दिवाळीत जागे झाले तर उशीर होतो.

खर्चाचे कोष्टक

नामांकित खासगी शाळांत फी, राहणे आणि जेवण धरून वर्षाचा खर्च ७० हजार डॉलरच्या पुढे जातो. तो आकडा पाहून घाबरू नये, पण छापील आकडा खरा नसतो म्हणून निर्धास्तही होऊ नये. पाहायचा तो एकच आकडा: सर्व मदत वजा जाता खिशातून जाणारी रक्कम, गुणिले चार.

आमच्या कोष्टकात तो असा आला. कॉन्झर्व्हेटरीने शिष्यवृत्ती दिली होती, तरी वर्षाला ४२ हजार डॉलर उरत होते. राज्य विद्यापीठाने मोठी शिष्यवृत्ती दिली होती, उरत होते ९ हजार. चार वर्षांचे अनुक्रमे १ लाख ६८ हजार आणि ३६ हजार. दादावहिनींनी ५२९ खात्यात ६० हजार जमवले होते. म्हणजे एकीकडे १ लाख ८ हजारांचे कर्ज आणि दुसरीकडे २४ हजार शिल्लक.

१ लाख ८ हजार हा आकडा नुसता पाहून काही कळत नाही. त्याचा हप्ता काढा. व्याज ७ टक्के आणि मुदत १० वर्षे धरली तर महिना सुमारे १,२५४ डॉलर, म्हणजे एकूण परतफेड दीड लाखाच्या घरात. पदवी घेऊन मुलगी तासाला ६० डॉलरने शिकवण्या करू लागली असे समजा. महिन्यातल्या पहिल्या २१ शिकवण्या फक्त हप्त्यासाठी. घरभाडे बावीसाव्या शिकवणीपासून सुरू. हे वाक्य मी दादाला फोनवर सांगितले तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती.

इथे पियानोची एक अडचण सांगितली पाहिजे. सिम्फनी ऑर्केस्ट्रात पहिल्या व्हायोलिनचे चौदा-सोळा वादक बसतात. पियानो असलाच तर एक, आणि तोही प्रत्येक कार्यक्रमाला नाही. त्यामुळे महिन्याच्या पगाराची ती वाट पियानोवाल्याला जवळजवळ बंद. तो जगतो ते शिकवण्यांवर, गायक व वादकांच्या साथीवर, बॅले वर्गांच्या आणि चर्चच्या साथीवर, आणि जमल्यास कॉलेजच्या नोकरीवर. आजीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच "पोट भरतं, पण चार ठिकाणी वाजवून" असे आहे. ज्या शाळेत साथीचे आणि शिकवण्याचे स्वतंत्र शिक्षण मिळते, तिला कोष्टकात जास्त गुण द्यावेत. साथ करणे याला आपल्याकडे कधीच कमी लेखले नाही. गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकायला लोक वेगळे येत.

मदत आणि कर्ज : नियम नीट वाचा

सरकारी मदतीचा फॉर्म, म्हणजे फाफ्सा, प्रत्येकाने भरावा. "आपल्याला काय मिळणार" म्हणून सोडू नये, कारण विद्यार्थ्याच्या स्वतःच्या सरकारी कर्जासाठीही तो लागतो. त्यात दोन वर्षांपूर्वीच्या आयकराचे आकडे जातात, म्हणजे मूल साधारण दहावी-अकरावीत असतानाचे. त्या वर्षी शेअर विकून मोठा नफा दाखवला तर तो पुढे मदतीच्या आड येतो. निवृत्तीच्या खात्यातील शिल्लक आणि राहते घर फाफ्सात मालमत्ता म्हणून धरत नाहीत. काही खासगी शाळा मात्र सीएसएस प्रोफाइल नावाचा दुसरा फॉर्म मागतात. त्यात घराची किंमत विचारली जाऊ शकते. पूर्वी दोन मुले एकाच वेळी कॉलेजात असली की फाफ्सात सूट मिळे. २०२४-२५ च्या शैक्षणिक वर्षापासून ती गेली आहे.

पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला सरकारी कर्ज पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढे दर वर्षी ७,५०० डॉलरपर्यंत मिळते. चार वर्षांचे २७ हजार. उरलेले पालकांनी काढायचे. पालकांच्या सरकारी कर्जाला, म्हणजे पेरेंट प्लसला, पूर्वी शाळेच्या खर्चाइतकी मुभा होती. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासूनच्या नव्या कर्जदारांसाठी एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजार अशी मर्यादा घातली. आमचेच गणित या नियमात बसवून पाहा. १ लाख ८ हजारांतून मुलीचे २७ आणि पालकांचे ६५ गेले की १६ हजार उरतात. ते खासगी कर्जाने, बँकेच्या अटींवर काढावे लागतील.

त्याच कायद्याने पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचे ग्रॅड प्लस कर्ज नव्या कर्जदारांसाठी बंद केले. मास्टर्ससाठी सरकारी कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंतच. पियानोच्या क्षेत्रात मास्टर्स जवळजवळ गृहीतच असते. म्हणून पहिल्या पदवीतच सगळी पुंजी संपवू नये. शेवटी विचारले जाते ते "शेवटचे शिक्षण कोणाकडे घेतले?" हेच.

५२९ खात्यातून फी, पुस्तके, राहणेजेवण आणि कॉम्प्युटर यांचा खर्च करता येतो. ऑडिशनचा विमानप्रवास आणि हॉटेल त्यात बसत नाही. घरी घेतलेला पियानोही बसत नाही, शाळेने तो आवश्यक ठरवला असेल तर गोष्ट वेगळी. ऑडिशनच्या फेऱ्यांसाठी म्हणून हजार-दोन हजार डॉलर वेगळे काढून ठेवा. दादाने ठेवले नव्हते आणि ते क्रेडिट कार्डावर गेले. आणखी एक: शिष्यवृत्तीतून राहण्याजेवणाचा खर्च भागवला जात असेल तर तेवढ्या रकमेवर आयकर लागतो.

शिष्यवृत्ती वाढवून मागता येते हेही आपल्याला ठाऊक नसते. घासाघीस करायची नाही, दुसऱ्या शाळेच्या पत्राची प्रत जोडून "तुमच्याकडे यायची मनापासून इच्छा आहे, अंतर फार आहे, काही करता येईल का?" असे एकदा विचारायचे. एकदाच.

व्हिसाचा प्रश्न

मूल अमेरिकेत जन्मलेले असेल तर आईवडील एच-१ वर असले तरी ते फाफ्सा भरू शकते. मूल स्वतः एच-४ वर असेल तर सरकारी मदत मिळत नाही, आणि २१ वर्षे पूर्ण झाली की एच-४ संपतो. चार वर्षांच्या शिक्षणाच्या मध्येच हा वाढदिवस येतो, म्हणून एफ-१ चा विचार आधीच वकिलाशी बोलून करावा. राज्यातील रहिवाशाची फी एच-४ च्या मुलांना लागू होते की नाही, हे राज्याराज्यांत वेगळे आहे.

मुंबई-पुण्याहून भाचे-पुतणे येऊ पाहत असतील तर त्यांना सांगा की एफ-१ विद्यार्थ्याला सरकारी कर्ज नाही, पण गुणवत्तेच्या शिष्यवृत्त्या बऱ्याच शाळा नागरिकत्व न पाहता देतात. मुंबईचे झुबिन मेहता १९५४ साली अठराव्या वर्षी वैद्यकीय शिक्षणाचा नाद सोडून व्हिएन्नाला गेले. त्यांच्या घरी वडील मेहली मेहता स्वतः व्हायोलिनवादक आणि बॉम्बे सिम्फनीचे संस्थापक होते. सल्ला घरातच होता. ज्यांच्या घरी तो नाही त्यांनी येथील शिक्षकाला लिहावे, एजंटाला नव्हे.

हात हेच भांडवल

आता आरोग्याचा भाग, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा.

जानेवारीत ऑडिशनच्या आधी पुतणी रोज सहा-सात तास वाजवत होती. एका संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, "लोणच्याच्या बरणीचं झाकण काढ गं," आणि तिने धाकट्या भावाला हाक मारली. पुन्हा दोन दिवसांनी तसेच. वहिनींनी तिचा उजवा हात हातात घेतला तेव्हा तिने ओढून घेतला. तीन आठवडे मनगट दुखत होते आणि तिने कोणाला सांगितले नव्हते. सांगितले तर वाजवू देणार नाहीत ही भीती.

डॉक्टरांनी अतिवापराने स्नायुबंधांना आलेली सूज सांगितली. दोन आठवडे पियानो पूर्ण बंद, मग दहा दहा मिनिटांनी सुरुवात, आणि हातांच्या थेरपिस्टकडे व्यायाम. एक ऑडिशन सोडावी लागली. घरात त्या दिवशी सुतक असल्यासारखे वातावरण होते. पण सोडली ते बरे केले.

हे थोरामोठ्यांनाही चुकलेले नाही. लिऑन फ्लायशर हे अमेरिकेचे अग्रगण्य पियानिस्ट. १९६४ च्या सुमारास, ऐन छत्तिशीत, त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे आपोआप आत वळू लागली. या विकाराला फोकल डिस्टोनिया म्हणतात. दोष बोटात नसून मेंदूकडून बोटाला जाणाऱ्या आज्ञेत असतो. तीस वर्षे ते डाव्या हातासाठीच्या रचना वाजवत राहिले, पीबॉडीत शिकवत राहिले. १९९० च्या दशकात बोटॉक्सच्या उपचारांनी ते पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले. गॅरी ग्राफमन यांचाही उजवा हात १९७९ च्या सुमारास असाच गेला. ते १९८६ पासून २००६ पर्यंत कर्टिसचे प्रमुख झाले आणि लांग लांग, युजा वांग यांसारखे शिष्य घडवले. या गोष्टींतून धीर घ्यावा, पण धडाही घ्यावा.

धडा असा. दुखणे म्हणजे सरावातली शूरता नव्हे. अर्ध्या तासाने उठून पाच मिनिटे फिरावे. स्टूलाची उंची तपासावी. कोपर कळीच्या पातळीजवळ असावे. सुट्टीनंतर एकदम जुन्या तासांवर जाऊ नये. हात लहान असेल तर रचना तशी निवडावी. नेहमीच्या पियानोवर एक सप्तक सुमारे साडेसहा इंचांचे असते. आपल्या बऱ्याच मुलींचा पंजा त्यापुढे फारसा पसरत नाही, आणि ओढून ताणून वाजवलेल्या अष्टकांनीच मनगट जाते. मुंग्या येणे, रात्री दुखून जाग येणे, बोट ऐकेनासे होणे, यांपैकी काहीही दिसले तर तेल लावून थांबू नये, डॉक्टर गाठावा.

विम्याचाही विचार याच वेळी करावा. मूल २६ वर्षांचे होईपर्यंत पालकांच्या विम्यात राहू शकते, पण एचएमओ पद्धतीचा विमा असेल तर दुसऱ्या राज्यात बहुधा फक्त तातडीचे उपचार चालतात. हाताची थेरपी तातडीत मोडत नाही. शाळेचा विमा नाकारण्यापूर्वी आपल्या कंपनीला फोन करून त्या गावातला थेरपिस्ट चालेल का, हे विचारा. झोप आणि मन यांचीही चौकशी करा. एका खोलीत एकट्याने सहा तास बसायचे आणि शेजारच्या खोलीतून आपल्यापेक्षा चांगले ऐकू यायचे, हे अठराव्या वर्षी सोपे नसते.

शेवटी काय झाले

एप्रिलमध्ये दोन्ही ठिकाणी ती पुन्हा धडा घ्यायला गेली. नामांकित शाळेतल्या शिक्षकांनी तास फार सुंदर घेतला, असे ती स्वतः सांगते. मनगटाबद्दल तिने सांगितले तेव्हा ते म्हणाले, "सप्टेंबरपर्यंत बरे होईल." विद्यापीठातल्या बाईंनी पहिली दहा मिनिटे तिला वाजवूच दिले नाही. खांदे पाहिले, स्टूल दोन बोटे खाली घेतले, आणि म्हणाल्या, "पहिल्या सत्रात आपण कमी वाजवू."

घरी येऊन ती खोलीचे दार लावून रडली. मोठ्या शाळेचे नाव सोडायचे हे दुःख खरे होते, आणि "पैशासाठी सोडलं" असे तिला वाटू नये म्हणून दादाने सांगितले, "तुला तिथेच जायचं असेल तर मी कर्ज काढतो." मी कोष्टक बंद करून गप्प बसलो. दोन दिवसांनी तिने स्वतः विद्यापीठाचे नाव सांगितले. कारण विचारले तर म्हणाली, "काका, त्या बाईंनी हात पाहिला."

या गोष्टीला तीन वर्षे होतील. मनगट ठीक आहे. शनिवारी ती चार मुलांना शिकवते. मास्टर्सला कुठे, याचे नवे कोष्टक तिने स्वतः केले आहे; त्यात पहिला रकाना शिक्षकाचा आहे. निर्णय बरोबर होता की नाही हे अजून कोणालाच ठाऊक नाही. पण कर्जाचे ओझे नसल्याने पुढची वाट तिला मोकळेपणाने निवडता येईल, एवढे नक्की.

जाण्यापूर्वी विचारायचे प्रश्न (कापून ठेवा)

१. आठवड्याचा धडा प्रत्यक्ष कोण घेणार?
२. या शिक्षकांचे गेल्या पाच वर्षांतले विद्यार्थी आज काय करतात?
३. सरावाच्या खोल्या रात्री किती वाजेपर्यंत उघड्या असतात, आणि पियानो कोणत्या अवस्थेत आहेत?
४. साथ आणि अध्यापन यांचे शिक्षण आहे का?
५. शिष्यवृत्ती चारही वर्षे मिळणार का, आणि ती टिकवण्याची अट काय?
६. दर वर्षी फी वाढते, तेव्हा शिष्यवृत्ती वाढते का?
७. हात दुखला तर कोणाकडे जायचे, आणि एखादे सत्र कमी वाजवले तर शिष्यवृत्ती जाते का?
८. दुसरा विषय घेता येतो का?

अंथरूण पाहून पाय पसरावे हे आपल्या आजीने सांगितलेले खरेच आहे. पण अंथरूण मोजताना मुलाचा हातही एकदा हातात घेऊन पाहावा. तो दुखत असेल तर कुठलेच कोष्टक ते सांगत नाही.